योसेफ आणि त्याचे भाऊ : न्यायासन देवाचें

शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय ३७, ३९ ते ४५, आणि ५०, वचनें १५ ते २१.



योसेफाची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही तोंडपाठ असते. पायघोळ झगा, दोन स्वप्नें, खड्डा, कैदखाना आणि शेवटीं मिसर देशाचा कारभार, इतकें सांगून झालें म्हणजे शिक्षक धडा संपवितात. आणि मुलें असें समजून घरीं जातात कीं, जो चांगला वागतो तो अखेरीस मोठा अधिकारी होतो. परंतु पवित्र शास्त्र असें वचन कोणास देत नाहीं. बाप्तिस्मा करणारा योहान हाही निरपराधी असून कैदेंत पडला. त्याला कैदखान्यांतून राजवाड्यांत नेऊन मान दिला नाहीं, तर तेथेंच त्याचा शिरच्छेद केला. मग योसेफाची गोष्ट आपणांस कशाकरितां दिली आहे? तिच्यांत याहून खोल असा एक प्रश्न आहे. आपल्याच रक्ताच्या माणसांनीं आपला घात केला असतां देवावर भरंवसा कसा ठेवावा, आणि पुढें त्या माणसांशीं कसें वागावें?

हा प्रश्न आपणांस परका नाहीं. आपल्या भाषेंत त्या दुखण्यास भाऊबंदकी असें एक स्वतंत्र नांवच आहे. परक्यानें केलेला घाव बहुधा भरून येतो. घरच्या माणसानें केलेला घाव पुष्कळदां पिढ्यान्‌पिढ्या चिघळत राहतो. म्हणून हा धडा घाईनें न वाचतां, ओळीमागून ओळ पाहत वाचूं या.

१. घर आधींच फुटलें होतें

योसेफाचे भाऊ एका दिवसांत दुष्ट झाले नाहींत. त्या घरांत चार स्त्रियांचीं मुलें होतीं, आणि बापाचें मन एकीच्याच मुलाकडे होतें. याकोबानें योसेफाला वेगळा झगा केला, तेव्हां इतर मुलांना रोज डोळ्यांनीं दिसेल अशी आपल्या पक्षपाताची खूणच त्यानें त्याच्या अंगावर घातली. योसेफही त्या वेळीं १७ वर्षांचा पोर होता. तो भावांच्या कागाळ्या बापाकडे आणी, आणि आपलीं स्वप्नें, ऐकणाराच्या मनाचा विचार न करितां, सांगे. यावरून भावांचें पाप हलकें होत नाहीं. पण मोठें पाप बहुधा लहान लहान अन्यायांच्या ओल्या जमिनींत रुजतें, हें आईबापांनीं लक्षांत ठेवावें.

याकोबाच्या घराण्यांतील आणखी एक गोष्ट पाहा. याकोबानें तरुणपणीं आपला आंधळा बाप इसहाक यास फसविलें, तें कशानें? हातांवर व मानेवर करडांचीं कातडीं बांधून आणि थोरल्या भावाचीं वस्त्रें अंगावर घालून. पुढें पुष्कळ वर्षांनीं त्याच्या मुलांनीं त्याला फसविलें, तें कशानें? बकऱ्याच्या रक्तानें व भावाच्या वस्त्रानें. भावाचें वस्त्र व बकरें हींच साधनें पुनः त्याच्यापुढें आलीं. शास्त्र येथें एक शब्दही टीका करीत नाहीं. तें फक्त दोन्ही गोष्टी सांगून पुढें जातें. कपटाची रीति जशी शेतजमीन तशी बापाकडून मुलांकडे उतरते, आणि कोणी तरी हात आखडल्यावांचून तिचा वारसा तुटत नाहीं. याकोबाच्या घरांत तो हात पुढें योसेफानें आखडला.

२. वीस तोळे रुपें

याकोब हेब्रोनच्या खोऱ्यांत राहत होता. त्यानें योसेफास भावांची खबर आणावयास शखेमास पाठविलें. ही वाट सुमारें ५० मैलांची. शखेमास भाऊ सांपडले नाहींत, म्हणून तो आणखी उत्तरेस दोथानापर्यंत गेला. ज्या भावांनीं त्याला दुरून पाहून मारण्याचा बेत केला, त्यांच्या क्षेमकुशलाकरितां तो मुलगा इतका चालून आला होता.

ज्या खड्ड्यांत त्याला टाकलें, तो म्हणजे पावसाचें पाणी सांठविण्याकरितां खोदलेलें टांकें असावें. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर खडकांत कोरलेलीं टांकीं आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीं आहेत. त्या देशांतील टांक्यांचें तोंड बहुधा अरुंद व पोट रुंद असे, म्हणून आंत पडलेल्यास आपल्या बळानें वर येतां येत नसे. त्यांत पाणी नव्हतें एवढेंच शास्त्र सांगतें. मग भाऊ जेवावयास बसले.

येथें वाचणारानें थांबावें. ३७ व्या अध्यायांत योसेफ खड्ड्यांत काय बोलला, हें एका अक्षरानेंही सांगितलेलें नाहीं. तो मुकाट्यानें गेला असें वाटतें. परंतु २० वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, मिसरांत धान्य घेण्यास गेलेले ते भाऊ संकटांत सांपडतात, तेव्हां त्यांच्या तोंडून सत्य बाहेर पडतें. त्यानें गयावया केली होती. त्याच्या जिवाचा आकांत त्यांनीं पाहिला होता, आणि ऐकलें नव्हतें. (४२:२१) गोष्ट सांगणारानें जो आक्रोश आपल्यापासून झांकून ठेविला, तो अपराध्यांच्या कानांतून कधींच गेला नव्हता. आपण दुसऱ्याचा घात करितों तेव्हां साक्षीदार नसतो असें आपणांस वाटतें. पण आपलें स्वतःचें मन हा साक्षीदार आपल्याबरोबर भाकर खातो व आपल्याबरोबर म्हातारा होतो.

किंमत किती आली? रुप्याचीं वीस नाणीं, असें आपण म्हणतों. परंतु त्या काळीं नाणीं नव्हतीं, रुपें तोलून देत. एक शेकेल म्हणजे सुमारें एक तोळा. म्हणजे भाऊ विकला तो वीसेक तोळे चांदीस. रऊबेन त्या वेळीं तेथें नव्हता. बाकीच्या नवांनीं तें रुपें सारखें वाटून घेतलें असेल, तर प्रत्येकाच्या पदरीं सुमारें दोन तोळे पडले. भाऊबंदकींत मिळकत नेहमीं अशीच असते. जें गमावतें तें अमोल, आणि जें मिळतें तें मुठींत मावेल इतकें.

३. देव बोलत नाहीं, तरी बरोबर असतो

योसेफ १७ वर्षांचा असतां घरांतून गेला, आणि फारोपुढें उभा राहिला तेव्हां तो ३० वर्षांचा होता. म्हणजे गुलामी व कैद मिळून १३ वर्षें गेलीं. ह्या तेरा वर्षांविषयीं एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. देव अब्राहामाशीं बोलला, इसहाकाशीं बोलला, याकोबाशींही बोलला. पण योसेफाशीं देव प्रत्यक्ष शब्दांनीं बोलला असें ह्या सबंध गोष्टींत एकदांही सांगितलेलें नाहीं. खड्ड्यांत त्याला देवदूत दिसला नाहीं. पोटीफराच्या बायकोनें खोटा आळ घेतला तेव्हां आकाशवाणी होऊन त्याचा निर्दोषीपणा सिद्ध झाला नाहीं. राजाच्या प्यालेबरदाराचें त्यानें भलें केलें, आणि तो सुटून गेल्यावर त्याला विसरला. पुढें दोन पुरीं वर्षें गेलीं.

तरी ३९ व्या अध्यायांत चार वेळां लिहिलें आहे कीं, परमेश्वर योसेफाबरोबर होता. हें कोण सांगतो? ग्रंथकार आपणांस सांगतो. तें वाक्य योसेफाच्या हातीं कोणी लिहून दिलें नव्हतें. आपण पान उलटून शेवट पाहूं शकतों. त्याला रोजचा दिवस रोजच काढावा लागला. विश्वास म्हणतात तो हाच. देवाचा हेतु कळल्यावर त्याचें स्तवन करणें हें उपकारस्मरण होय. तो कळण्यापूर्वीं, नेमून दिलेलें काम प्रामाणिकपणें करीत राहणें हा विश्वास होय. योसेफानें पोटीफराचें घर नीट चालविलें, मग कैदखाना नीट चालविला. पुढें त्यानें सुकाळाच्या सात वर्षांत धान्याचा पांचवा हिस्सा सांठवून देश जगविला. तें कसब त्याला राजवाड्यांत आलें असें नाहीं. तें दुसऱ्याच्या घरीं गुलाम असतां आणि कैद्यांची देखरेख करितांना त्याच्या अंगीं आलें होतें.

आणखी एक पाहा. विश्वास ठेवणें म्हणजे अन्यायाला अन्याय न म्हणणें, असा पुष्कळांचा समज आहे. योसेफ तसें करीत नाहीं. त्यानें प्यालेबरदारास स्पष्ट सांगितलें कीं, मला इब्र्यांच्या देशांतून चोरून आणिलें आहे, आणि येथेंही मी कैदेस योग्य असें कांहीं केलेलें नाहीं. सुटकेसाठीं रदबदली करावी अशी विनंतीही त्यानें केली. मात्र त्यानें भावांचें नांव घेतलें नाहीं. आपलें दुःख त्यानें लपविलें नाहीं, आणि घरची अब्रूही बाजारांत मांडली नाहीं. हा मध्यम मार्ग कठीण आहे, पण तो आहे.

त्याचें मन दगडाचें झालें होतें असेंही नाहीं. त्यानें पहिल्या मुलाचें नांव मनश्शे ठेविलें. त्या नांवांत विसरण्याचा अर्थ आहे. देवानें मला माझे क्लेश व माझ्या बापाचें घर विसरावयास लाविलें, असें तो म्हणे. पण ज्या मुलास दिवसांतून दहा वेळां विसर ह्या अर्थाच्या नांवानें हांक मारावयाची, त्याच्या बापाला खरोखर विसर पडला होता काय? दुसऱ्याचें नांव त्यानें एफ्राईम ठेविलें. त्यांत फलद्रूप होण्याचा अर्थ आहे, आणि तें फळ त्याला दुःखाच्या देशांत आलें होतें. जखम आणि फळ, हीं दोन्हीं त्याच्या घरांत एकाच अंगणांत खेळत होतीं. देवाच्या लोकांचें बहुधा असेंच असतें.

तिकडे कनानांत म्हातारा याकोब रडत होता. शिमोन मिसरांत अडकला आणि बन्यामीनास न्यावयाचें म्हणूं लागले, तेव्हां त्यानें आक्रोश केला कीं, हें सर्व माझ्यावरच येऊन पडलें आहे. (४२:३६) आणि त्याच सुमारास त्याचा मेला म्हणून समजलेला मुलगा त्याच्या घरच्यांच्या पोत्यांत धान्य भरवीत होता व दिलेले पैसे परत त्याच पोत्यांत ठेववीत होता. याकोब खोटें बोलला नाहीं. जेवढें त्याला दिसत होतें तेवढें तो बोलला. आपलेंही निम्मेंच दिसतें. म्हणून गोष्ट अर्धी असतां देवाविषयीं शेवटचा निकाल लिहूं नये.

४. योसेफानें परीक्षा कां घेतली?

भाऊ पहिल्यानें धान्यास आले तेव्हां योसेफानें त्यांना लागलेंच मिठी मारिली नाहीं. तो कठोर बोलला, त्यांना हेर ठरविलें, तीन दिवस अटकेंत ठेविलें, शिमोनास बांधून घेतलें, आणि पुढें बन्यामीनाच्या पोत्यांत आपला रुप्याचा पेला ठेवविला. हा सूड होता काय? सूड घेणारा मनुष्य एकांतांत जाऊन रडत नाहीं. आणि योसेफ तर ह्या दिवसांत दोन वेळां बाजूस जाऊन रडला.

त्यानें काय केलें तें नीट पाहा. त्यानें जुनीच परिस्थिति पुनः उभी केली. राहेलीचा एक लाडका मुलगा. त्याला जेवणांत इतरांच्या पांचपट वाटा, म्हणजे पुनः पक्षपात. आणि त्याला गुलामींत सोडून बाकीच्यांनीं सुखरूप घरीं जाण्याची मोकळीक. पूर्वीं अशाच वेळीं त्यांनीं भावाला विकलें होतें. आतां काय करितात? तेव्हां यहूदा पुढें झाला. इश्माएल्यांस भाऊ विकण्याची युक्ति ज्यानें सुचविली तोच हा यहूदा. तो आपल्या म्हाताऱ्या बापाच्या दुःखाविषयीं बोलला, आणि मुलास घरीं जाऊं द्यावें व त्याच्याऐवजीं मला गुलाम करून ठेवावें, असें विनवूं लागला. (४४:३३) तेव्हां मात्र योसेफाच्यानें राहवलें नाहीं.

यांत आपणांस मोठी शिकवण आहे. क्षमा करणें आणि पुनः विश्वास टाकणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. क्षमा जखमी मनुष्य एकटा, देवापुढें करूं शकतो. अपराध्यानें ती मागितली नाहीं तरी करूं शकतो. पण तुटलेला विश्वास पुनः जोडण्यास दोघे लागतात, आणि अपराध्याच्या पश्चात्तापाचीं फळें दिसावीं लागतात. योसेफाच्या मनांत प्रेम आधींच होतें, हें त्याच्या अश्रूंवरून दिसतें. तरी यहूदा बदलला आहे हें पाहीपर्यंत त्यानें आपली ओळख दिली नाहीं. म्हणून ज्याचा घात झाला आहे त्यास, तूं आज क्षमा केलीस तर आजच सर्व किल्ल्या परत त्याच्या हातीं दे, असें म्हणूं नये. शास्त्र तसें म्हणत नाहीं.

५. हें वाक्य कोणीं बोलावें?

योसेफानें ओळख दिली तेव्हां त्यानें दोन गोष्टी एका दमांत सांगितल्या. तुम्ही मला विकलें. आणि देवानें मला तुमच्यापुढें जीव वांचविण्याकरितां पाठविलें. (४५:४, ५) पहिलें वाक्य त्यानें गाळलें नाहीं, आणि दुसरेंही नाहीं. पुढें ५० व्या अध्यायांत तो अधिक स्पष्ट बोलला : तुमच्या मनांत वाईट होतें, आणि त्याच गोष्टींत देवाच्या मनांत चांगलें होतें. वाईट हें वाईटच राहिलें. देव भावांच्या मत्सराचा कर्ता नव्हे. पण तो मत्सरही त्याच्या हाताबाहेर जाऊं शकला नाहीं.

आतां हें वाक्य कोणाच्या तोंडचें आहे तें पाहा. तें खड्ड्यांत पडलेल्याच्या तोंडचें आहे. खड्ड्यांत टाकणारांच्या तोंडचें नाहीं. भावांनीं एकदां तरी असें म्हटलें काय, कीं जें झालें तें देवाच्या इच्छेनें झालें, आतां कशाला बोलतां? कधींच नाहीं. त्यांच्या तोंडीं शास्त्रानें एकच वाक्य दिलें आहे, आणि तें आम्ही आमच्या भावाविषयीं खरोखर दोषी आहों, हें होय. देवाचा हेतु हें जखमेवर लावण्याचें औषध आहे, अपराध्यानें पांघरण्याची घोंगडी नव्हे. आणि जखमी मनुष्यालाही हें औषध दुसऱ्यानें बळेंच पाजूं नये. योसेफ हें वाक्य बोलला तो २२ वर्षांनीं बोलला. एखाद्या विधवेची जमीन काल दिराच्या नांवावर गेली, आणि आज मंडळीचा वडील तिच्या दारीं जाऊन तिला देवाची इच्छा समजावूं लागला, तर तो सत्य वचन चुकीच्या वेळीं व चुकीच्या तोंडानें बोलत आहे.

घात झांकून ठेविल्यानें घर वांचतें असें कोणी समजूं नये. आपल्या देशाच्या इतिहासांत त्याचा दाखला आहे. सन १७७३ च्या ३० आगस्ट रोजीं पुण्यास शनिवारवाड्यांत तरुण पेशवे नारायणराव यांचा खून झाला, आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर बसले. सारे गप्प असतां न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून दोष कोणाकडे आहे हें तोंडावर सांगितलें, आणि पुणें सोडिलें. घरांतला तो घात घरांत राहिला नाहीं. रघुनाथराव १७७५ सालीं सुरतेस इंग्रजांशीं तह करून त्यांचें साह्य घेते झाले, आणि त्यांतून निघालेलें युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललें. पापाला त्याच्या नांवानें हांक मारणारा मनुष्य घर फोडीत नाहीं. योसेफानें हेंच केलें. आणि त्यानें पापाचें नांव घेतल्यावर अपराध्यांस जवळ येण्यास सांगितलें, हें त्याचें अधिक आहे.

६. सतरा वर्षांनंतरची भीति

गोष्ट येथें संपली असती तर गोड झाली असती. पण शास्त्र अधिक खरें सांगतें. याकोब मिसरांत १७ वर्षें राहून मरण पावला. त्याला पुरून परत आल्यावर भावांना भीति पडली कीं, आतां बाप नाहीं, आतां योसेफ उट्टें काढील. १७ वर्षें त्याच्या हातचें अन्न खाऊनही त्यांच्या मनाला क्षमा पटली नव्हती. त्यांनीं मेलेल्या बापाच्या नांवानें निरोप पाठविला. तो निरोप ऐकून योसेफ रडला. आपण क्षमा केली आणि समोरच्याला ती खरीच वाटली नाहीं, हें दुःख काय असतें तें ज्यानें भोगलें त्यासच ठाऊक.

तेव्हां योसेफ वयानें ५६ वर्षांचा होता. त्याला विकल्यास ३९ वर्षें झालीं होतीं. सत्ता सर्व त्याच्या हातीं. अडविणारा कोणी नाहीं. अशा वेळीं त्यानें जें उत्तर दिलें, तेंच ह्या सबंध धड्याचें मूळ आहे. त्यानें त्यांना विचारिलें कीं, मी देवाच्या जागीं आहें काय? तो मिसर देशांत फारोखालोखाल बसत होता. पण एका आसनावर बसण्यास त्यानें नाकारिलें, आणि तें आसन देवाचें. सूड घेणारा मनुष्य क्रूर असतो एवढेंच नाहीं. तो न कळत देवाला उठवून स्वतः त्या ठिकाणीं बसूं पाहतो. क्षमा करणें म्हणजे त्या आसनावरून आपणहून उतरणें. अपराध लहान होता म्हणून नव्हे, तर न्यायाधीश मोठा आहे म्हणून आपण आपल्या हातांतील खटला त्याच्या हातीं देतों.

आणि योसेफ नुसतें बोलून राहिला नाहीं. तुमचें व तुमच्या मुलाबाळांचें पोषण मी करीन, असें त्यानें सांगितलें. ज्या क्षमेंत भाकरीचा वाटा नाहीं ती अजून ओठांवरच आहे.

७. आपल्या मंडळ्यांकरितां

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, बापाच्या घराच्या वाटणीवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षें बोलत नाहींत, आणि तेच रविवारीं एका बांकावर बसतात. पुष्कळ ठिकाणीं बहिणीकडून माहेरच्या मायेचें नांव सांगून हक्कसोडपत्रावर सही करून घेतात, आणि ती कांहीं बोलली तर तिलाच क्षमेचा उपदेश करितात. ह्या बाबतींत कायदा काय आहे तें मंडळीस ठाऊक असावें. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करितां व बायकोमुलें मागें ठेवून वारला, तर त्याच्या मिळकतीचा एक तृतीयांश विधवेचा. आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत मुलगे व मुली सारखेच वाटेकरी. बहीण आपल्या खुशीनें आपला वाटा सोडील तर ती तिची उदारता. तो तिच्याकडून फसवून किंवा भिडेस घालून घेणें म्हणजे दोथानाचें रुपें घेणें होय. जक्कयानें प्रभूला घरीं घेतलें तेव्हां त्यानें नुसते अश्रू ढाळले नाहींत, घेतलेलें चौपट परत करण्याचें ठरविलें.

ज्यांचा घात झाला आहे त्यांस प्रेमानें हें सांगणें आहे. तुमचें दुःख देवापुढें मोकळेपणीं मांडा. योसेफानें अन्यायाला अन्याय म्हटलें, तुम्हीही म्हणा. न्याय मागणें पाप नव्हे. पण मनांतल्या मनांत रोज भरणारी ती कचेरी, जींत तुम्हीच फिर्यादी, तुम्हीच साक्षीदार आणि तुम्हीच न्यायाधीश असतां, ती बंद करा. तिच्यांत शिक्षा नेहमीं फिर्यादीलाच होते. आणि क्षमा एका दिवसांत होत नसली तर खचूं नका. प्रभूनें पेत्राला सत्तर वेळां सात असा हिशेब सांगितला. तो पुष्कळ अपराधांकरितां आहे, तसा एकाच अपराधाची आठवण जितक्यांदां उठेल तितक्यांदां तो पुनः सोडून देण्याकरितांही आहे.

प्रभु येशूला हें सर्व घरच्यासारखें ठाऊक आहे. त्याचे स्वतःचे भाऊ आरंभीं त्याच्यावर विश्वास ठेवीत नव्हते. बरोबर जेवणाऱ्या शिष्यानें त्याला रुप्याच्या तीस नाण्यांस धरून दिलें. वधस्तंभावर त्याच्या हातून सूड निघाला नाहीं, मारणारांकरितां प्रार्थना निघाली. आणि पुनरुत्थानानंतर तो ज्यांस वेगळा भेटला, त्यांत नाकारणारा पेत्र आहे आणि याकोबही आहे, ज्याला मंडळी परंपरेनें प्रभूचा भाऊ मानीत आली आहे. ज्यांनीं पाठ फिरविली त्यांच्याच शोधांत तो गेला. योसेफ ही त्या थोर प्रेमाची दुरून दिसणारी सांवली होय.

विचारण्याजोगे प्रश्न

१. याकोबाच्या घरांतील कोणती जुनी रीति त्याच्या मुलांत उतरली? आपल्या घरांत अशी कोणती रीति चालत आली आहे, आणि ती कोणीं थांबवावी?

२. देव प्रत्यक्ष बोलत नसतां योसेफानें आपला विश्वास कोणत्या कृत्यांनीं दाखविला?

३. क्षमा करणें व पुनः विश्वास टाकणें यांत भेद काय? यहूदाच्या विनंतीवरून दाखवा.

४. ह्या आठवड्यांत आपणांस कोणाच्या दारीं जावयाचें आहे? क्षमा मागावयास, कीं द्यावयास, कीं घेतलेलें परत करावयास?

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत मोठ्यानें देऊं नये. ज्यानें त्यानें तें आपल्या मनांत द्यावें, आणि येत्या प्रभुभोजनाच्या आधीं त्या दारीं जाऊन यावें.